दूध नको, वरची पावडर द्या!

बोर्नव्हिटा शहाण्यासारखा दुधातून प्यायलेल्यांनीही इथे जरूर लिहावं, पण धागा काढलाय तो बरणीत चमचा घालून कोरडी पावडर हाणणाऱ्यांसाठी. कॅडबरीने बोर्नव्हिटा आपल्याकडे १९४८ मध्ये आणला. तेव्हापासून जाहिरातीत ताकद आणि घरात साय, असा सामना चालू आहे. पोरांच्या घशाखाली दूध उतरावं एवढीच आयांची अपेक्षा. बूस्ट, माल्टोव्हा, अमूलचं न्यूट्रामूल, चॉकलेटी कॉम्प्लान... तुमच्या घराचा पंथ कोणता? सिरप, गोळ्या, घरच्या वड्या, सगळं चालेल. सुरुवात मीच करते.

आम्ही डोंबिवलीचे. जूनमध्ये नवी बरणी फोडली की जुलैपर्यंत आत दगड तयार. माल्टमधली साखर हवेतली ओल ओढून घेते, त्याचा हा प्रताप. आई उलथण्याच्या टोकाने तो दगड फोडायची, काच फुटेल म्हणून आम्हाला लांब उभं करून. मग कपात पडायचे खडे. ते काही धड विरघळायचे नाहीत. बाहेरून मऊ, आत कडक, आणि चावले की दाढेला असे चिकटायचे की जिभेने पाच मिनिटं उकरत बसावं. कपाच्या तळाशी तो खडा आहे या एका आशेवर मी वरचं सायीचं दूध नाक दाबून संपवायचे. उन्हाळ्यातल्या मोकळ्या पावडरला ती मजा नाही.

*

आमच्या गोठ्यात म्हशी, त्यामुळे दुधाचं कौतुक शून्य. सांगलीकडचं गाव. मे महिन्यात मुंबईची आत्या बरणी घेऊन यायची आणि आजी म्हणायची, "चांगल्या निरशा दुधात माती कशाला कालवताय रं?" पण बरणीवर तिचाच डोळा. पावडर अजून तळाशी असतानाच ती विचारायची, "संपली का न्हाई?" लिंबाचं लोणचं वाट बघत असायचं.

*

वडिलांनी बोर्नव्हिटा कधी आणला नाही, पण बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट रेडिओवर न चुकता ऐकवली! १९७२ ला सुरू झाली. आधी हमीद सायानी, ते १९७५ मध्ये गेल्यावर त्यांचे भाऊ अमीन सायानी. आम्ही नागपूरची मराठी माध्यमाची पोरं, इंग्रजी प्रश्न अर्धा कळेपर्यंत तिकडे उत्तर येऊन टाळ्याही व्हायच्या. जिंकणाऱ्या पोरांना बोर्नव्हिटा मिळत असणार म्हणून त्यांना सगळं येतं, हा माझ्या धाकट्या भावाचा सिद्धांत. टीव्हीवर डेरेक ओब्रायन विचारू लागले तोवर आम्ही नोकरीला लागलो होतो.

*

बूस्ट. आधी कपिल, मग सचिन. गल्लीत शून्यावर बाद झालं की "बूस्ट संपलं वाटतं घरातलं" हे ठरलेलं.

*

पावडरवाल्यांनो, आरे डेअरीची एनर्जी, ते बाटलीतलं स्वादाचं दूध, विसरलात की काय? मुंबईच्या स्टेशनावर आरेचा स्टॉल, जाड काचेची गार बाटली, पत्र्याचं बूच. बाटली परत द्यायची असल्यामुळे तिथेच उभं राहून संपवायची. लोकल आत शिरतेय, आई हात ओढतेय आणि आपण स्ट्रॉने तळ गाठतोय! एवढ्या घाईत प्यायलेलं दूध मला कधी नकोसं झालं नाही.

*

पुण्याच्या साठे बिस्किट आणि चॉकलेट कंपनीचं चॉकलेट कोणाला आठवतंय? आमच्या पिढीला चॉकलेट म्हणजे साठ्यांचं.

*

गोव्यात आमच्या शेजारचा काका तारवटी. बोटीवरून सुटीला आला की वाड्यावरची सगळी पोरं त्याच्या पेटीभोवती. टोब्लेरोनचे त्रिकोण मोजून वाटले जायचे. पण खरा चमत्कार म्हणजे सशाचं चित्र असलेला नेस्क्विकचा पिवळा डबा. ती पावडर थंड दुधातसुद्धा विरघळायची! गरम दूध, त्यावरची साय, फुंकर, रडारड, सगळं एका डब्याने रद्द. काकी मात्र डबा पाहुण्यांसाठी राखायची आणि पाहुणे यायचे ते चहा प्यायचे.

*

माझं बालपण सिंगापूरचं, बोर्नव्हिटा भेटायचा तो ठाण्याला आजोळी. आमचा मायलो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १९३४ चा, पण तिथे सगळ्यांना तो आपलाच वाटतो. शाळेच्या खेळांच्या दिवशी मायलोची हिरवी गाडी यायची आणि कागदी पेल्यांतून बर्फगार मायलो. घरी तेच प्रमाण, तोच डबा, तरी ती चव नाही; आईने शेवटी नाद सोडला. बाहेर खायच्या ठिकाणी 'मायलो डायनोसॉर' मिळतो: बर्फ घातलेल्या मायलोवर कोरड्या मायलोचा ढीग. तुम्ही जे चोरून खायचात ते तिथे पैसे मोजून, उजळ माथ्याने!

*

आम्ही चॉकलेट घरीच करायचो. साखरेचा पाक, त्यात लोणी, मग मिल्क पावडर आणि कोको एकत्र चाळून. गॅस बंद करून भराभर घोटायचं, तूप लावलेल्या ताटात थापायचं. पाक पुढे गेला की वड्या सुरीला दाद द्यायच्या नाहीत, मागे राहिला की चमच्याने खायचं. पोरांची दोन्हीला हरकत नसे. रंगीत चमकत्या कागदात गुंडाळून वाढदिवसाला वर्गात वाटायच्या. विकतचं आणणाऱ्यांपेक्षा आमचा भाव जास्त होता.

*

कॉम्प्लानच्या जाहिरातीत शाहिद कपूर आणि आयेशा टाकिया होते, दोघंही लहान. आमच्याकडे दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा. शेवटी उंची बाबांवरच गेली.

*

मजा येतेय वाचायला, पण आता आईच्या भूमिकेतून. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासकट अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढायला सांगितलं. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये बोर्नव्हिटात वरून घातलेली साखर १४.४ टक्क्यांनी कमी झाली होती. मी लेकाला खाऊ म्हणून देते, आठवड्यातून एखाद्या वेळी. पौष्टिक म्हणून सक्ती नाही, त्यामुळे भांडणही नाही.

*

डायनोसॉरचं वाचून काल रात्री बूस्टवर प्रयोग केला. गार दूध, वर पावडरचा डोंगर. एकदम भन्नाट! फक्त पहिला घोट घेताना श्वास आत ओढू नका, ठसका लागतो. आता न्यूट्रामूलवर करायचंय. पुण्यात कुठे मिळेल, कोणी सांगेल का?