'शास्ता' म्हणजे न्यायाधीश की पुढारी?

जुनीपाटी:
संडे स्कूलच्या मुलांसाठी गिदोनावर नाटिका लिहितेय. मराठी बायबलात त्याची गोष्ट ज्या पुस्तकात आहे त्याचं नाव 'शास्ते'. म्हणून निवेदनात 'गिदोन शास्ता झाला' असं लिहिलं. तालमीला आलेले एक पालक म्हणाले, मुलांना कळणार नाही, 'न्यायाधीश' करा. पण गिदोन निवाडा करताना दिसतो कुठे? इस्राएलावर चालून येणाऱ्या मिद्यानी लोकांच्या भीतीनं तो द्राक्षकुंडात लपून गहू झोडत असतो, तिथून देव त्याला उठवतो. लढायला जमलेल्या 32,000 माणसांतली भ्यालेली 22,000 घरी परततात, उरलेल्या 10,000 मधून 300 ठेवली जातात, आणि त्यांच्या हाती कर्णे, मडकी, मडक्यांत दिवट्या. याला न्यायाधीश कसं म्हणू?

तळटीप:
शास्ताच ठेवा. मूळ हिब्रू शब्द शोफेत, त्यात निवाडाही येतो आणि कारभारही. कार्थेज या प्राचीन नगरराज्याचे अधिकारी, सुफेत, याच धातूतले, तेही कारभारीच. आपल्या 'शास्'मधून शासन, शास्त्र, शिष्य सगळे निघाले. अमरकोशात तर बुद्धाला शास्ता म्हटलंय. हिंदीत 'न्यायियों' करून उगाच घोळ घातला.

आडवाट:
मुलांपुढे अमरकोश उघडणार का? सरळ 'पुढारी' लिहा.

जुनीपाटी:
पुढारी म्हटलं की पोरांना चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आठवणार. आणि नाटिकेचा शेवटच असा आहे: लोक म्हणतात, तू, तुझा मुलगा, तुझा नातू आमच्यावर राज्य करा. तो म्हणतो, मी नाही, माझा मुलगाही नाही, परमेश्वर करील. असं बोलणारा पुढारी दाखवा मला.

आडवाट:
ताई, जरा पुढे वाचा की. नाही म्हणून झाल्यावर लगेच लुटीतली सोन्याची कुंडलं मागतो. 1,700 शेकेल (तेव्हाचं वजन) भरतं ते सोनं! त्याचं एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, करून गावात मांडतो आणि सगळा इस्राएल त्याच्या नादी लागतो. एका पोराचं नाव अबीमलेख, म्हणजे 'माझा बाप राजा'. त्या पोरानं पुढे भावांची कत्तल केली. पुढारीच हो.

तळटीप:
म्हणून विश्वासू नेतृत्व दाखवायचं तर त्याच पुस्तकातली दबोरा घ्या, तीही शास्ताच. रामा आणि बेथेल यांच्यामध्ये खजुरीखाली बसायची, लोक निवाड्याला तिच्याकडे जायचे. लढाईला 10,000 माणसं न्यायची होती तरी सेनापती बाराक तिला म्हणतो, तू येशील तर जाईन. आणि ती निघाली.

आडवाट:
मग तिला काय म्हणणार? नेता-नेत्री, तसं शास्ता-शास्त्री? दबोरा शास्त्री! आडनावच वाटतं.

रेवदंडा:
शास्तावरून आठवलं. आमची आजी 'बरी शास्त झाली त्याला' म्हणायची, म्हणजे शिक्षा. सभासदाच्या बखरीत शास्ताखानाच्या नावावर हीच कोटी आहे. गोव्याकडे कोकणीत 'ख्यास्त' म्हणतात. तो मात्र पोर्तुगीज 'कास्तिगो'चा (म्हणजे शिक्षा) वंशज असणार.

तळटीप:
दर कोकणी शब्दाला पोर्तुगीज बाप कशाला? शास्ति, शास्त, ख्यास्त. सरळ वाट आहे.

जुनीपाटी:
रविवारी प्रयोग आहे हो. 'शास्ता' ठेवू की 'सोडवणारा' करू? त्याच पुस्तकात तोही शब्द चालतो.

रेवदंडा:
तळटीपराव, 'ष'चा 'ख' होतो हे मान्य. 'श'चा झालेला एक तरी शब्द सांगा.

तळटीप:
रात्री कोश काढून सांगतो. तोवर तुम्ही 'कास्तिगो'तला 'गो' कुठे गेला ते शोधा.