चपट्या पेरिविंकल: एक जात की दोन?

प्रश्न
वेल्सच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी तपकिरी शैवालावर वाटाण्याएवढ्या, काही पिवळ्या तर काही हिरवट गोगलगायी दिसल्या. माझ्याजवळच्या पुस्तकात 'चपट्या पेरिविंकल' या नावाखाली लिटोरिना ऑब्ट्युसाटा आणि लिटोरिना फॅबॅलिस अशा दोन जाती दिल्या आहेत. (मराठीत शोधले तर इंग्रजीत हेच नाव असलेल्या सदाफुलीचीच माहिती मिळते!) पिवळी ती एक आणि हिरवी ती दुसरी, असे समजावे काय?

प्रतिसाद १
रंगावरून मुळीच ठरवू नये, कारण पिवळ्या, हिरव्या आणि तपकिरी छटा दोन्ही जातींत आढळतात. ती कोणत्या शैवालावर बसली होती, हे आधी पाहावे. ऑब्ट्युसाटा बहुधा किनाऱ्याच्या मधल्या पट्ट्यात, हवेचे फुगे असलेल्या अ‍ॅस्कोफायलम शैवालावर राहते आणि तेच कुरतडून खाते. फॅबॅलिस त्याहून खाली, करवतीसारख्या कडांच्या फ्यूकस सेराटसवर असते. मात्र ती मुख्यतः त्याच्या पृष्ठभागावर वाढणारे सूक्ष्म शैवाल खरवडते. म्हणजे एकीचे घर हेच तिचे अन्न आहे, तर दुसरीचे घर केवळ ताट!

प्रतिसाद २
वरील खूण उपयोगी असली, तरी दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतात. फॅबॅलिस सहसा लहान असते आणि साधारण वर्षभरच जगते, तर ऑब्ट्युसाटा अनेक वर्षे जगते. पण फॅबॅलिसमध्येही लहान आणि मोठे असे दोन प्रकार असल्याने केवळ मापावर भिस्त ठेवता येत नाही. खात्रीची खूण नराच्या जननेंद्रियात आहे: ऑब्ट्युसाटामध्ये त्याचे टोक आखूड व त्रिकोणी असून ग्रंथी पुष्कळ असतात, फॅबॅलिसमध्ये टोक लांब व ग्रंथी कमी असतात. साक्की आणि रास्तेल्ली या संशोधकांनी 1966 मध्ये ही दुसरी जात (आजची फॅबॅलिस) 'मारिए' या नावाने वेगळी केली. पुढे टर्टन यांचे 1825 मधील 'फॅबॅलिस' हे जुने नाव ग्राह्य ठरले.

प्रश्नकर्ता
माझ्या छायाचित्रांत शैवालाच्या कडा दातेरी आहेत, शिवाय त्यावर अंड्यांचे जेलीसारखे पुंजकेही दिसतात. त्यावरून काही ठरते काय?

प्रतिसाद २
पुंजक्यांवरून नाही. दोन्ही जाती शैवालावरच अंडी घालतात आणि पाण्यात तरंगणाऱ्या अळीची अवस्था न येता थेट रांगणारी पिल्ले बाहेर पडतात. कडांमुळे फॅबॅलिसची शक्यता वाढते. तरीही नर तपासलेला नसल्याने नोंद 'ऑब्ट्युसाटा किंवा फॅबॅलिस' अशीच करावी आणि शैवालाचे नाव सोबत लिहावे.