यूएस ओपनच्या नव्या मिश्र दुहेरीत दुहेरीवाल्यांना जागा कुठंय?

मुरमाचं कोर्ट, छत्रपती संभाजीनगर

यूएस ओपन या टेनिस स्पर्धेनं २०२५ मध्ये मिश्र दुहेरी (जोडीत एक पुरुष, एक बाई) पार बदलून टाकली. आपल्याकडं त्यावर जे बोललं गेलं ते सगळं अल्काराझ कुणासोबत खेळला आणि जोकोविचनं जोडीला कुणाला घेतलं एवढ्यावरच. मला दुसरं बोलायचंय.

आधी ३२ जोड्या असायच्या आणि सामने मुख्य स्पर्धेसोबतच चालायचे. आता जोड्या १६, आणि मुख्य स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच १९ आणि २० ऑगस्टला सगळं उरकलं. सेट सहाऐवजी चार गेमचा, फक्त फायनलला सहाचा. ड्यूसनंतर, म्हणजे ४०-४० बरोबरी झाल्यावर, ॲडव्हान्टेज नाही, एकाच गुणावर गेम. तिसऱ्या सेटऐवजी आधीसारखाच दहा गुणांचा टायब्रेक. विजेत्या जोडीला दहा लाख डॉलर, आदल्या वर्षी ते दोन लाख होते.

तारखा, लहान सेट, बक्षीस, यातल्या कशालाही माझा विरोध नाही. माझा विरोध प्रवेशाच्या नियमाला आहे. ८ जोड्या दोघांची एकेरीतली क्रमवारी मिळवून थेट घेतल्या. उरलेल्या ८ वाइल्ड कार्डनं, म्हणजे आयोजकांच्या मर्जीवर. स्पर्धा दुहेरीची, आणि दुहेरीच्या क्रमवारीला तिथं काडीची किंमत नाही.

आता आपला हिशेब बघा. लिएंडर पेसची ग्रँड स्लॅमची, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची, १८ विजेतेपदं, त्यातली १० मिश्र दुहेरीतली. महेश भूपतीची १२, त्यातली ८ मिश्र. सानिया मिर्झाची ६, त्यातली ३ मिश्र. रोहन बोपण्णाची २, त्यातलं १ मिश्र. वरिष्ठ गटात एकेरीचं एकही नाही. भारताच्या खेळाडूनं जिंकलेलं पहिलं ग्रँड स्लॅमसुद्धा मिश्रच होतं, १९९७ च्या फ्रेंच ओपनला, भूपती आणि जपानची रिका हिराकी. भूपती एकेरीत कधी २१७ च्या वर गेला नाही, बोपण्णा २१३ च्या. आजचा नियम तेव्हा असता तर हे दोघं क्रमवारीच्या जोरावर आत गेलेच नसते. कुणीतरी मेहरबानी करून वाइल्ड कार्ड दिलं तर दिलं.

मी इथं मुलांना टेनिस शिकवतो. मराठवाड्यातून टेनिसमध्ये पुढं जायचं म्हणजे पुण्या-मुंबईच्या बसचं तिकीट आलंच. एकेरीत जगात पहिल्या शंभरात जायला जो पैसा, जो प्रवास, जो परदेशी कोच लागतो तो आमच्या मुलांच्या आईबापांकडं नाही. पण हात चांगला आहे, नेटवर चपळाई आहे, सर्व्हिस पक्की आहे, अशी मुलं आहेत. त्यांना मी काय सांगू? जगातल्या चारपैकी एका मोठ्या स्पर्धेनं दुहेरीत तरबेज असणं ही पात्रताच काढून टाकली, हे?

सगळ्यांची मतं हवीत. विरोधातली जास्त हवीत.

बेसलाइन, लातूर

सर, मुद्दा कळला, पण स्पर्धा कुणासाठी भरवायची? आर्थर ॲश स्टेडियममध्ये २३ हजारांवर लोक मावतात. जुन्या पद्धतीत मिश्र दुहेरीला त्यातल्या किती खुर्च्या भरायच्या हे तुम्हीही पाहिलंय. या वेळी अल्काराझ-रादुकानू, जोकोविच-डॅनिलोविच, श्वियांतेक-रूड, व्हीनस विल्यम्स असे लोक उतरले आणि जगानं मिश्र दुहेरी पाहिली. माझ्या कॉलेजातल्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बघणारेच नसतील तर पेसचे १० आणि भूपतीचे ८ कुणाच्या लक्षात राहणार आहेत?

शिवाय बाकीच्या तिन्ही ग्रँड स्लॅम जुन्याच पद्धतीनं चालू आहेत. यूएस ओपनची पुरुष दुहेरी आणि महिला दुहेरीही ६४-६४ जोड्यांचीच आहे. आभाळ कोसळल्यासारखं का बोलायलोत आपण?

खंडोबाचा माळ, लोहा

हे म्हणजे जत्रेतली नुरा कुस्ती आहे. दोन नामांकित पैलवान आणायचे, इनाम मोठं लावायचं, गर्दी जमवायची. लोक खूश, आयोजक खूश. पण ज्यानं वर्षभर तालमीत घाम गाळला तो आखाड्याच्या बाहेर उभा.

बेसलाइन, लातूर

नुरा कुस्तीत निकाल आधी ठरतो. इथं काय झालं? अल्काराझ-रादुकानू पहिल्याच फेरीत ड्रेपर-पेगुलाकडून हरले. जोकोविचही पहिल्याच फेरीत बाहेर. आणि जिंकलं कोण? सारा एरानी आणि आंद्रेआ वावास्सोरी. २०२४ चे तेच विजेते, अस्सल दुहेरीवाले. फायनलला श्वियांतेक-रूड यांना ६-३, ५-७, १०-६ असं हरवलं. ज्याला दुहेरी येते तो याही साच्यात जिंकतो, हे कोर्टावरच सिद्ध झालं.

मुरमाचं कोर्ट, छत्रपती संभाजीनगर

भाऊ, तुमचं हेच उदाहरण मी माझ्या बाजूनं घेतो. गतविजेत्या जोडीला स्वतःच्या हक्कानं जागा नव्हती. वाइल्ड कार्ड मिळालं म्हणून ते खेळले. नवा साचा जाहीर झाला तेव्हा हा अन्याय आहे असं त्यांनीच उघडपणे म्हटलं होतं. ज्यांनी अख्खी स्पर्धा जिंकून दाखवली ते नियमानं आत येऊ शकत नव्हते, मग नियम चूक आहे की नाही?

आणि हा वावास्सोरी कोण, ते आठवा. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पुरुष दुहेरीची फायनल बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डननं जिंकली, तेव्हा नेटच्या पलीकडं बोलेल्लीसोबत हाच उभा होता. बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा होता. त्या वयात जगात पहिला क्रमांक मिळवणं एकेरीत होऊच शकत नाही. दुहेरीची कला पिकायला वेळ लागतो, आणि त्या कलेची स्वतःची क्रमवारी आहे. ती बाजूला ठेवायचं कारण काय?

गोदाकाठ, नांदेड

मी सरांच्या बाजूनं. स्टार खेळाडू जुन्या नियमातही यायचे की. २०१९ च्या विम्बल्डनला सेरेना विल्यम्स आणि अँडी मरे एकत्र खेळले, तेव्हा त्या जोडीभोवती केवढी चर्चा होती! त्यासाठी कुणाला बाहेर काढावं लागलं नव्हतं.

बेसलाइन, लातूर

एकदा आले, दादा. दरवर्षी येत नव्हते. पाच सेटची एकेरी खेळणारा माणूस मधल्या सुट्टीच्या दिवशी मिश्र दुहेरीत पाय मुरगळून घेणार नाही. म्हणून तर स्पर्धा आधीच्या आठवड्यात नेली.

शिट्टी, जालना

मीही कोच आहे. मुरमाचं कोर्ट सरांना मी ओळखतो आणि मानतो, पण इथं माझा ठाम विरोध आहे.

सर, तुम्ही जो हिशेब मांडला तोच हिशेब भारतीय टेनिसचं दुखणं आहे. चौघांच्या नावावर मिळून ३८ ग्रँड स्लॅम (आपसात जोडीनं जिंकलेली दोघांकडं धरून) आणि एकेरीत शून्य. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ ला विम्बल्डनच्या एकेरीत उपांत्य फेरीत गेले होते. त्यानंतर आजपर्यंत आपला कुणीही तिथं पोचला नाही. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला सुमित नागलनं बुब्लिकला हरवलं, तेव्हा भारताच्या पुरुष खेळाडूनं ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरवायची ती १९८९ नंतरची पहिली वेळ होती. पस्तीस वर्षं!

याचं एक कारण मी रोज कोर्टावर बघतो. मूल चौदा-पंधराचं झालं, एकेरीत दोन-तीन स्पर्धांत पहिल्या फेरीत हरलं की घरचे म्हणतात, दुहेरी खेळव. त्यात जमतंय. कोचही मान हलवतो. मग बेसलाइनवरून वीस-वीस फटक्यांची रॅली खेळायची सवयच लागत नाही. आयटीएफ या जागतिक टेनिस संघटनेच्या ज्युनियर क्रमवारीत सर्वोत्तम सहा एकेरीचे गुण पूर्ण धरतात आणि दुहेरीच्या सर्वोत्तम सहांचे फक्त पाव. ही व्यवस्था बरोबरच आहे, कारण त्या वयात एकेरीच घडवते. यूएस ओपनच्या नियमानं पोरांना कळलं की एकेरी खेळल्याशिवाय पुढं काही नाही, तर मला ते चालेल.

मुरमाचं कोर्ट, छत्रपती संभाजीनगर

सर, चौदा वर्षांच्या मुलाला एकेरीच खेळवा, यात दुमत नाही. मीही तेच करतो. पण मी बोलतोय ते पंचविशीतल्या खेळाडूबद्दल. एकेरीत ३०० च्या आसपास अडकलेला, प्रवासाचा खर्च झेपत नाही, दुखापती अंगावर काढलेला. सानियाचंच घ्या. एकेरीत २७ व्या क्रमांकापर्यंत गेली, मनगटाच्या आणि इतर दुखण्यांनी एकेरी सोडावी लागली, आणि त्यानंतर २०१४ ला ब्रुनो सोआरेससोबत यूएस ओपनचीच मिश्र दुहेरी जिंकली. नंतर मार्टिना हिंगिससोबत महिला दुहेरीची तीन ग्रँड स्लॅम. एकेरीत कष्ट करून शरीर थकलेल्या खेळाडूलाही हा नवा नियम बाहेरच ठेवतो.

शिट्टी, जालना

सानिया अपवाद आहे. अपवादावर धोरण ठरत नसतं.

ज्वारीची ताटं, परभणी

मी कोच नाही, माझी मुलगी खेळते. आमच्याकडं कोर्ट म्हणजे एक सिमेंटचं. संध्याकाळी मोठी माणसंही येतात, त्यामुळं एका कोर्टावर चौघं, हाच आमचा नियम. ती दुहेरी शिकली ती कुणी एकेरीपासून पळवली म्हणून नव्हे, जागाच तेवढी होती म्हणून. जालन्याचे सर, तुमच्या पोरांना तासभर एकट्याला कोर्ट मिळत असेल तर चांगलंय. आमच्याकडं नाही मिळत. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी आमच्या ओळखीच्यांच्या क्लबातलं मुरमाचं कोर्ट कोरडंच पडलं होतं. प्यायला नव्हतं तिथं कोर्टावर कोण शिंपडणार? हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. खेळ कुठल्या परिस्थितीत शिकला जातो ते सांगतेय.

आणि मिश्र दुहेरीबद्दल एक गोष्ट इथं कुणीच बोललं नाही. बाई आणि पुरुष एकाच कोर्टावर, एकाच बाजूनं, एकाच गुणासाठी खेळतात असे प्रकार खेळांत फार थोडे. २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेनं बोपण्णासोबत सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ गेला होता, मग ६-३, आणि टायब्रेक १०-४. माझ्या मुलीनं तो सामना पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून रिटर्नचा सराव मागायला लागली. ऋतुजासारख्या मुलीला आजच्या यूएस ओपनच्या मिश्र दुहेरीत जायचं तर रस्ता कोणता? एकेरीच्या वरच्या नावांनी ८ जागा भरल्या. बाकीच्या ८ जागा कुणाला, ते न्यूयॉर्कमध्ये बसून ठरणार. तिथं तिचं नाव कोण घेणार आहे?

बेसलाइन, लातूर

ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरी सांगतो. मिश्र दुहेरीला क्रमवारीचे गुणच नसतात, पुरुषांच्या एटीपीतही नाही आणि बायकांच्या डब्ल्यूटीएतही नाही. वर्षभरात ग्रँड स्लॅम सोडल्या तर व्यावसायिक मिश्र दुहेरी फारशी कुठं होतही नाही. म्हणजे हा प्रकार आधीच जोडपत्रासारखा होता. यूएस ओपननं त्याला पैसा आणि प्रेक्षक दिले. दहा लाख डॉलर एका जोडीला, हे दुहेरीच्या खेळाडूंनाही मिळालेच ना?

गोदाकाठ, नांदेड

एका जोडीला मिळाले. आधी ६४ खेळाडू खेळायचे, त्यात दुहेरीवालेच जास्त. पहिल्या फेरीत हरले तरी पुढच्या महिन्याचा विमानखर्च निघायचा. आता ३२ खेळाडू, आणि त्यातले बहुतेक आधीच कोट्यधीश. बक्षीस वाढलं हे खरं, पण ज्यांना त्याची खरी गरज होती त्यांच्या ताटातलं काढून वाढलं. यावर काय म्हणायलाव?

बेसलाइन, लातूर

यावर माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. पण तुमच्या मागणीला तरी व्यवहारात कसं बसवायचं ते सांगा. १६ जोड्या म्हणजे १५ सामने, ते दोन दिवसांत दोन कोर्टांवर लहान सेट खेळून कसेबसे होतात. ३२ जोड्या केल्या की ३१ सामने. ते त्या दोन दिवसांत बसत नाहीत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टार थांबणार नाहीत.

मुरमाचं कोर्ट, छत्रपती संभाजीनगर

३२ करा असं मी म्हणतच नाही. १६ च ठेवा, दोन दिवसच ठेवा. ६ जोड्या एकेरीच्या क्रमवारीवर. ६ जोड्या दुहेरीच्या क्रमवारीवर, पुरुषाची एटीपीची आणि बाईची डब्ल्यूटीएची दुहेरी क्रमवारी मिळवून. ४ वाइल्ड कार्ड. गतविजेत्यांना त्या चारांतलं एक आपोआप. म्हणजे अल्काराझही येतो, श्वियांतेकही येते, आणि एरानी-वावास्सोरींना कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. सामने तेवढेच, कोर्टं तेवढीच, तिकिटंही तेवढीच खपतील. उलट दुहेरीची जोडी विरुद्ध एकेरीचे तारे अशी लढत पहिल्या फेरीपासूनच बघायला मिळेल. २०२५ च्या फायनलमध्ये लोकांना तीच तर आवडली.

बेसलाइन, लातूर

हे मला मान्य आहे. सहा-सहा-चार ठीक आहे.

शिट्टी, जालना

मला नाही. दुहेरीला चार द्या, सहा नकोत, आणि त्यातही दोघांपैकी एकाची एकेरीची क्रमवारी २५० च्या आत असावी अशी अट घाला.

ज्वारीची ताटं, परभणी

तुमच्या अटीत भूपती-हिराकी बसले असते का, ते आधी तपासा सर, मग अट घाला.

शिट्टी, जालना

ताई, १९९७ ला भूपतीची एकेरीची क्रमवारी नेमकी किती होती ते बघून उद्या लिहितो.