मदत हवी आहे: डीएनए सिक्वेन्सिंगची कंपनी, शेअर घ्यावा का?

मुग्धा_क: डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या (सिक्वेन्सिंग) एका कंपनीच्या अहवालात म्हटलंय, "इतरांच्या नजरेतून सुटणारे व्हेरियंट (डीएनएतले बदल) आमचं तंत्र पकडतं." यात दम आहे की नुसती जाहिरात? संध्याकाळी सातला बाजार उघडतो, त्याआधी सांगा. गूगल करून झालंय.

बाजारबुणगा: कुठली कंपनी? मशीन विकते, तपासण्या करते की औषधं काढते?

मुग्धा_क: अमेरिकेतली. सिक्वेन्सिंगची, म्हटलं ना.

नानासाहेब: परदेशी शेअरसाठी एलआरएसमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन लागतं.

जनुकवेडी: दम असू शकतो. जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, ३ अब्ज अक्षरांचा, दोन माणसांत फरक साधारण ०.१ टक्का. बहुतेक फरक एकेका अक्षराचे, म्हणजे स्निप. इल्युमिनाची मशीनं दीडशेएक अक्षरांचे तुकडे वाचून ते स्वस्तात पकडतात. अडतं कुठे, तर हजारो अक्षरं गळलेली, दुप्पट झालेली किंवा उलटी बसलेली असतात तिथे. त्याला पॅकबायो, ऑक्सफर्ड नॅनोपोर या कंपन्यांसारखं लांब वाचन, म्हणजे हजारो अक्षरं सलग वाचणं, हवं. २००३ ला 'पूर्ण' झालेल्या जीनोममधली राहिलेली ८ टक्के जागा २०२२ मध्ये भरली, ती अशा वाचनामुळेच. डोळे झाकून लांब वाचनवाली घ्या.

बाजारबुणगा: डोळे झाकूनच घ्यावी लागेल! पॅकबायो २०२१ च्या सुरुवातीला ५० डॉलरच्या घरात होता, एप्रिल २०२५ मध्ये दीडच्याही खाली.

जनुकवेडी: भाव पडला म्हणून शास्त्र खोटं?

बाजारबुणगा: असं मी कुठे म्हटलं? त्या शेअर विचारतायत, शास्त्र नाही.

शमा७: थुंकी पाठवून कुळाचं मूळ कळतं का हो?

जनुकवेडी: त्या बहुतेक तपासण्या चिपवर होतात, ठरावीक काही लाख जागाच बघतात. सिक्वेन्सिंग नव्हे. त्या करणाऱ्या ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. नवा धागा काढा ना.

मुग्धा_क: माझं राहिलं! मशीन त्यांचं नाहीये, इल्युमिनाचंच. ते कॅन्सरच्या आनुवंशिक तपासण्या करतात.

बाजारबुणगा: हे आधी सांगायचं की!

जनुकवेडी: मग लांब वाचनाचं माझं पुराण सोडा. व्हेरियंट सापडला तरी त्याचा अर्थ लागेलच असं नाही. स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित बीआरसीएसारख्या परिचित जनुकांतही कित्येक बदलांवर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो, आणि निव्वळ तेवढ्यावर डॉक्टर उपचार बदलत नाहीत.

बाजारबुणगा: म्हणजे किती पकडले हा आकडा बाजूला ठेवा. मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी विमा) आणि खाजगी विमा कंपन्या या तपासणीचे पैसे देतात का, ते बघा.

मुग्धा_क: ते कुठे लिहिलेलं असतं?

बाजारबुणगा: १०-के, म्हणजे कंपनीचा सरकारदरबारी दिलेला वार्षिक अहवाल, उघडा, त्यात 'रीइम्बर्समेंट' (विम्याकडून मिळणारे पैसे) शोधा. आणि सातची घाई सोडा, बाजार उद्याही उघडतो.