आधीच सिझर केलं असतं तर?

धाकटी_नणंद: वहिनीची डिलिव्हरी झाली, दुपारपासून कळा, रात्री बाळाचे ठोके उतरले ते वर येईनात म्हणून घाईघाईत सिझर, बाळ लगेच रडलं नाही, आता एनआयसीयूत आहे. घरात सगळ्यांचं एकच, दुपारी एकदा ठोके कमी झालेले ना, तेव्हाच करायला हवं होतं सिझर, दिसतच होतं. अहो पण दुपारी तर हेच सगळे नॉर्मल होऊ दे म्हणत होते! वहिनी म्हणते मीच थांबू म्हणाले, माझीच चूक. खरंच तेव्हा कळण्यासारखं होतं का?

रातपाळी: लेबर रूमला आहे मी. कळ आली की डोकं दाबलं जातं, ठोके उतरतात, कळ ओसरली की सावरतात, असं कितीतरी जणींच्या सीटीजीच्या पट्टीवर, म्हणजे बाळाच्या ठोक्यांच्या आलेखावर, दिसतं आणि बहुतेकींची बाळं ठणठणीत असतात. त्या पट्ट्या मग कोणी उघडूनही बघत नाही. वाईट झालं की तीच पट्टी बोट ठेवून वाचतात. 1991 मध्ये भूलतज्ज्ञांना केसेस वाचायला दिलेल्या, मजकूर तोच, फक्त काहींना इजा तात्पुरती सांगितली आणि काहींना कायमची. कायमची वाचणाऱ्यांनी त्याच उपचारांना जास्त नावं ठेवली. ही तज्ज्ञांची गत, मग घरच्यांचं काय घेऊन बसलात.

चष्मेवाला: हे पटतं, पण याच्या आडून हॉस्पिटलला मोकळं सोडू नका. फाइलची कॉपी मागा. ठोके किती वाजता उतरले, डॉक्टरांना कधी कळवलं, ते कधी आले, सिझर ठरल्यापासून बाळ बाहेर यायला किती वेळ गेला. तेव्हा समोर काय होतं त्यावरून ठरवा, आत्ता माहीत आहे त्यावरून नाही.

सईची_आई: आमच्या जावेचं उलट झालं. ठोके उतरले, लगेच सिझर, बाळ एकदम छान, तर म्हणे उगाच कापलं, थांबले असते तर नॉर्मल झाली असती. जे केलं नाही त्यात कधीच काही बिघडत नाही ना, म्हणून सोपं असतं बोलायला.

धाकटी_नणंद: कॉपी मागते उद्या. पण वहिनीला कसं पटवू, माझं ऐकतच नाही ती.

रातपाळी: तुम्ही नका पटवू. डॉक्टर राउंडला आले की तिच्यासमोरच विचारा, दुपारी पट्टीवर काय दिसत होतं आणि थांबायचं का ठरवलं. त्यांच्या तोंडून ऐकू दे तिला.