मदत हवी आहे : आजीच्या ओव्यांची जुनी कॅसेट

नमस्कार मंडळी. आजीच्या वर्षश्राद्धाला तिच्याच आवाजातल्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या आणि कानबाईची (खानदेशातल्या देवीची) गाणी लेकी, सुना, नातवंडं सगळ्यांना द्यायची आहेत. चार पिढ्यांचं पोर तिच्या मांडीवर वाढलं, आणि तिचा आवाज एवढ्या एकाच कॅसेटमध्ये उरलाय.

कॅसेट सी-९० आहे, एका बाजूला ४५ मिनिटं. सी-६० पेक्षा हिची फीत पातळ, त्यामुळे लवकर ताणते आणि गुंतते. फितीवरचा आवाज उचलणाऱ्या हेडसमोर फीत दाबून धरणारा कॅसेटमधला छोटा पॅड गळून पडलाय. तो नसला की फीत हेडला नीट टेकत नाही, आवाज दबका येतो. दोन्ही रिळं स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली की तेवढं भागेल. खरी काळजी फितीच्या कडेच्या पांढऱ्या बुरशीची. तशीच वाजवली तर ती हेडला चिकटते, मग त्या डेकवर (कॅसेट वाजवायच्या यंत्रावर) लावलेल्या पुढच्या कॅसेटलाही लागते.

बुरशी काढून देणारं आणि चालू डेक असलेलं कुणी जळगाव, धुळे, नंदुरबारकडे माहीत आहे का? कॅसेटवरचा आवाज संगणकावर घ्यायचा आहे; जोडणी डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जागेतून), फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी हवी. खरखर काढायचा फिल्टर कृपया नको, त्यात जात्याची घरघरही जाते आणि ओवीचा ताल तिच्यावरच आहे.

शिवाय ऐकून अहिराणी शब्द जसेच्या तसे उतरवून देईल असं, शक्यतो धुळ्याकडचं, कुणी जाणतं माणूस सुचवाल का?