‘शाहिरांचे गीत’ म्हणजे नेमकं कोणाचं? स्मरणिकेतला मजकूर तपासताना अडलोय

समासातला_शंकासुर:
वाचनालयाच्या स्मरणिकेत शाहीर साबळेंवर दोन पानं आहेत. लिहिलंय आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. मुद्रितं तपासायचं काम माझ्या गळ्यात. गुरुवारी छपाई.

जन्म ३ सप्टेंबर १९२३, वाईजवळचं पसरणी, निधन २० मार्च २०१५, पद्मश्री १९९८. एवढं जुळलं. पुढे मात्र असं आहे: ‘शाहिरांचे राज्यगीत १९६० पासून महाराष्ट्राच्या ओठांवर आहे.’ ‘मुक्तनाट्याचे जनक.’ ‘असंख्य पुरस्कारांचे मानकरी.’ ‘सातासमुद्रापार झेंडा रोवला.’ पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढता काढता समास भरला. काका चिडके आहेत. काय ठेवू, काय उडवू?

तुणतुणेवाला:
पहिलं वाक्य आधी धरा. ‘जय जय महाराष्ट्र माझा’चे शब्द राजा बढेंचे, संगीत श्रीनिवास खळेंचं, आवाज शाहिरांचा. ‘शाहिरांचे गीत’ म्हटलं की तिघंही एका पोत्यात. आणि राज्यगीत म्हणून ते लागू झालं १९ फेब्रुवारी २०२३ ला, शिवजयंतीच्या दिवशी. शाहीर जाऊन तेव्हा आठ वर्षं होत आली होती. ‘शाहिरांनी गायलेले हे गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले’ असं सरळ लिहा. ‘जेजुरीच्या खंडेराया’लाही तोच नियम, ‘गायलेले’.

जुनी_पेटी:
‘जनक’ खोडा. बाप ठरवायला बसलात तर स्मरणिका दिवाळीलाही निघणार नाही. त्यांनी मुक्तनाट्यं, म्हणजे लोकनाट्याच्या धाटणीची मोकळी नाटकं केली, ‘यमराज्यात एक रात्र’ हे त्यातलं एक, एवढं पुरे. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा त्यांचा लोककलांचा कार्यक्रम आलाय ना लेखात? नसेल तर ‘असंख्य पुरस्कार’ उडवून ती जागा त्याला द्या. ‘माझा पवाडा’ हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर बघा. पण त्यातली आठवण घेतलीत तर ‘शाहीर सांगतात’ म्हणून घ्या.

गावचा_गोंधळी:
सगळं मान्य, पण फार खरवडू नका हो. शाहिराचा परिचय आहे, सातबारा नाही!

समासातला_शंकासुर:
काल संध्याकाळी काकांकडे गेलो. राज्यगीताचं लगेच पटलं, उलट राजा बढेंचं नाव राहिलं म्हणून तेच हळहळले. ‘जनक’वर अर्धा तास गेला, दोन चहा झाले, शेवटी सुटलं. ‘सातासमुद्रापार’वर मात्र अडून बसले. म्हटलं, काका, कुठल्या देशात, कुठल्या साली? गप्प. मग म्हणाले, “ते मला काय माहीत? पण रेडिओवर हे गाणं लागलं की आमचे वडील अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून वस्तरा खाली ठेवायचे.”

झेंड्याच्या जागी तेच वाक्य घेतलंय, काकांच्या नावानिशी.